कृष्णेचे पाणी मुरते कोठे?

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात सांगली शहराने जे भोगले ते ते अद्याप विसरलेले नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट समजली जाते; त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर चढले. पेठांतून होड्या फिरल्या, दुकानांतील माल भिजून कुजला, आणि ज्या घाटावर लोक एरव्ही फिरावयास जातात तो घाट कोठे आहे हेही ओळखेना. त्याच दिवसांत, त्याच जिल्ह्याच्या पूर्व बाजूस, जत व आटपाडी तालुक्यांतील गावे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहत बसली होती. जिल्हा एक, जिल्हाधिकारी एक, नदीचे खोरेही बहुतांशी एकच. परंतु एका टोकास बोटींची मागणी आणि दुसऱ्या टोकास टँकरची! हा देवाचा खेळ, यास कोण काय करणार, असे म्हणून सुस्कारा सोडणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस तसे म्हणवत नाही. पाऊस पाडणे देवाच्या हाती असेल. पडलेल्या पावसाचा कारभार मनुष्याच्या हाती आहे. आणि जेथे कारभार आला तेथे जबाबदारी आली व हिशेबही आला.

देशाची भरभराट त्याच्या भूमीत काय दडले आहे यावर अवलंबून असते, हा समज फार जुना आहे. शाळेच्या भूगोलात कोळसा कोठे, लोखंड कोठे, सोने कोठे हे आपण घोकतो आणि जेथे अधिक खनिजे तेथील लोक अधिक सुखी असणार असे गृहीत धरतो. जगाचा अनुभव नेमका याच्या उलट साक्ष देतो. नायजेरिया देशात नायजर नदीच्या मुखाजवळ १९५६ साली तेल सापडले. त्या तेलाने सरकारची तिजोरी भरली, अनेक अधिकारी गबर झाले; परंतु ज्या गावांखालून तेल निघाले त्यांच्या वाट्यास काळवंडलेली खाडी आणि नापीक झालेली शेते आली. त्याविरुद्ध ज्यांनी लोकांस संघटित केले त्या केन सारो-विवा या लेखकास त्यांच्या आठ सहकाऱ्यांसह १९९५ साली फासावर चढविण्यात आले. उलट नॉर्वेच्या समुद्रात १९६९ साली तेल लागले, तेव्हा त्या देशात शिक्षित प्रजा, निर्भीड वृत्तपत्रे व जाब विचारणारी प्रतिनिधिसभा अगोदरच होती. त्यांनी १९९० साली कायदा करून तेलाचे उत्पन्न एका निधीत ठेवण्याची व्यवस्था केली. त्या निधीच्या गुंतवणुकीचा तपशील प्रसिद्ध होतो व कोणासही पाहता येतो. तेल दोन्हीकडे निघाले. खतावणी मात्र एकाच ठिकाणी उघडी राहिली.

कोणी म्हणेल, नॉर्वे पडला युरोपातला. त्याची गोष्ट येथे कशास? तर आफ्रिकेतीलच बोट्स्वाना पाहा. १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातील अत्यंत दरिद्री देशांपैकी एक होता. १९६७ साली त्याचे पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या सरकारने जमिनीखालील खनिजांवरचा जमातींचा हक्क राष्ट्राकडे घेणारा कायदा केला. खामा हे स्वतः ज्या मोठ्या जमातीच्या राजघराण्यातले, त्याच जमातीच्या मुलुखात ओरापाचे हिरे सापडले. घरची संपत्ति त्यांनी देशाच्या खाती जमा केली. त्या पैशातून रस्ते, शाळा व दवाखाने झाले, आणि पुढील कित्येक वर्षे त्या देशाची वाढ साऱ्या जगाने नवलाने पाहिली. तथापि तेथेही सर्वांस न्याय मिळाला असे नाही. कालाहारीतील आदिवासींस त्यांच्या मूळ वस्तीतून हलविण्यात आले. ते हलविणे बेकायदेशीर होते असे त्या देशाच्या उच्च न्यायालयानेच २००६ साली ठरविले. ही शेवटली गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कोयनेच्या काठी तिचा आम्हांस पुनः उपयोग पडणार आहे.

आता घरी येऊ. आमच्या सातारा-सांगलीच्या मुलुखात हिरे नाहीत व तेलही नाही. परंतु जे आहे ते तेलाहून मोलाचे आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून कृष्णा वाईवरून व कोयना पाटणावरून खाली येते, कऱ्हाडास प्रीतिसंगमावर दोघींची भेट होते, आणि पुढे सांगलीजवळ हरिपुरास वारणाही येऊन मिळते. याच साताऱ्याच्या पूर्वेस माण व खटाव हे तालुके आहेत; तेथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. सह्याद्रीने ढग अडविले हा सह्याद्रीचा दोष नव्हे. परंतु डोंगराच्या एका अंगास विपुलता व दुसऱ्या अंगास टंचाई असता, दोहोंचा मेळ घालणे हेच तर राज्याचे काम. ते काम कसे झाले, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम कोयना घ्या. १९५४ साली या धरणाच्या कामास आरंभ झाला, १९६२ साली वीज निघू लागली, आणि आज शिवाजीसागरात सुमारे १०५ अब्ज घनफूट, म्हणजे व्यवहारात ज्यास टीएमसी म्हणतात ते १०५ टीएमसी, पाणी मावते. चार टप्प्यांची वीजगृहे व धरणाच्या पायथ्याचे वीजगृह मिळून १,९६० मेगावॉट वीज निर्माण करण्याची या प्रकल्पाची शक्ति आहे. डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस पाणी सोडून त्याच्या पडण्याने चक्रे फिरवावयाची, हे काम ज्यांनी योजिले व सिद्धीस नेले त्या अभियंत्यांच्या व मजुरांच्या कर्तृत्वापुढे आम्ही नम्र आहो. मुंबईच्या गिरण्या, पुण्याचे कारखाने आणि आमच्याही घरांतील दिवे या पाण्यावर चालले. ज्या राष्ट्रास आपल्या पायावर उभे राहावयाचे त्यास अशी कामे हवीतच. त्यांस विरोध करणे आमच्या स्वप्नातही नाही.

परंतु जमेच्या बाजूस एवढे लिहिल्यावर खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. या जलाशयासाठी कोयनेच्या खोऱ्यातील सुमारे शंभर गावांवर पाणी सोडावे लागले. त्या गावांतील लोक सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरले. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली. म्हणजे कोयनेची वीज मुंबईस पोहोचल्यावर चौदा वर्षांनी! तोवर ज्यांची घरे बुडाली त्यांचे पुनर्वसन कसे, केव्हा व कोणी करावयाचे, यास राज्याच्या स्वतंत्र कायद्याचा आधार नव्हता. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला, सुमारे १८० माणसे दगावली, व जी घरे पाण्याने नेली नव्हती त्यांतील पुष्कळ धरणीने नेली. आणि या सर्वांवर कळस म्हणजे, बुडित क्षेत्रातील कुटुंबांची मुले-नातवंडे अगदी अलीकडील वर्षांतही जमिनीच्या वाटपासाठी कोयनानगरास ठिय्या देऊन बसलेली आढळतात. ज्यांनी राष्ट्रास दिवा दिला त्यांच्या कज्जाची फाइल तीन पिढ्या अंधारात! बोट्स्वानाच्या रानातील आदिवासी आणि पाटण तालुक्यातील शेतकरी यांची भाषा निराळी असेल, दुःख एकच आहे: संपत्ति सर्वांची झाली, किंमत थोड्यांनी दिली, आणि किंमत देणाऱ्यांचे नाव वहीत चढविण्यास कोणास फुरसत झाली नाही.

दुसरा प्रकार पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांचा. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ साली निवाडा दिला व १९७६ साली तो कायम केला. त्यात कृष्णेच्या पाण्यापैकी ५६० टीएमसी महाराष्ट्राच्या वाट्यास आले. या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर व्हावयाचा होता. म्हणून तत्पूर्वी आपला वाटा अडवून वापरात आणला पाहिजे हे शाळकरी मुलासही कळावे. परंतु जाग आली ती फार उशिरा. महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले १९९६ साली. मग कर्जरोख्यांनी पैसा उभारून एकाच वेळी इतकी कामे काढण्यात आली की प्रत्येकास थोडथोडे मिळावे आणि कोणतेही वेळेत पुरे होऊ नये. ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा योजनांची नावे येथील शेतकऱ्याने तरुणपणी ऐकली. कित्येकांच्या शेतात पाणी आले ते त्यांचे केस पांढरे झाल्यावर. राज्यभरच्या सिंचनखर्चाविषयी २०१२ साली मोठा गदारोळ झाला, श्वेतपत्रिका निघाली, माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. कोण दोषी व कोण निर्दोष हे न्यायालयाने ठरवावे. आम्ही वकील आहो, निकालापूर्वी कोणास शिक्षा सांगणार नाही. परंतु इतका पैसा खर्च झाल्यावर नेमके किती शेत भिजले यावर एकमत होऊ नये, हाच मुळी कारभाराविरुद्धचा मोठा पुरावा नव्हे काय?

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. नदी खाली, माळ वर. पाणी आपोआप चढत नाही. पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलावे लागते आणि विजेचे बिल भरमसाट येते. हे अगदी खरे. बिल थकले म्हणून उन्हाळ्याच्या ऐन तोंडावर म्हैसाळचे पंप बंद राहिल्याच्या तक्रारी सांगलीकरांनी वर्षानुवर्षे ऐकल्या. पुढे सरकारने बिलाचा ८१ टक्के भार स्वतःकडे घेऊन १९ टक्के शेतकऱ्यांवर ठेवला, हे योग्यच केले. परंतु पाहा: कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी वर्षाकाठी विजेसाठी पश्चिमेस वळविण्याची मुभा लवादाने दिली आहे. ज्या खोऱ्याचे पाणी देऊन वीज काढली, त्याच खोऱ्याचा कोरडा भाग पाणी उचलण्यापुरत्या विजेसाठी दाराशी हात पसरतो. येथे निसर्ग आड आला असे म्हणता येणार नाही. वाटा ठरविण्याच्या बैठकीत जत-माणचा माणूस नव्हता, एवढेच म्हणता येईल.

या दुर्लक्षाचा परिणाम केवळ शेतीवर होतो असे आमच्या व्यापारी वाचकांनी समजू नये. जतमधील काही गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव २०१२ साली केले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्यांचा दाखला देऊन त्या तालुक्यावर हक्क सांगितला. महाराष्ट्रात एकच खळबळ उडाली. म्हैसाळच्या विस्तारित योजनेस मग गति आली. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्याच नातवंडांस घागरीसाठी राज्य सोडण्याची भाषा करावी लागते, याची लाज जतकरांनी वाटून घ्यावयाची की आम्ही? २०१६ साली मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी गेले तेव्हा आम्हां सर्वांस अभिमान वाटला व तो वाटणे रास्तच होते. परंतु मिरजेहून शेकडो मैलांवर लातुरास पाणी योजून पाठविता येते आणि मिरजेच्याच पूर्वेस शेजारच्या तालुक्यात तीस वर्षे पोहोचविता येत नाही, यावरून कमतरता पाण्याची नसून निश्चयाची आहे हेच सिद्ध होते.

मग आमच्या मुलुखास कारभार करताच येत नाही काय? असे म्हणणे पूर्वजांवर अन्याय होईल. ज्या आटपाडीचे नाव आज टंचाईच्या यादीत वाचावे लागते ते आटपाडी एके काळी औंध संस्थानात होते. संस्थान चिमुकले, बहात्तर गावांचे, तुकड्यातुकड्यांत विखुरलेले, आणि बहुतेक मुलूख दुष्काळी. तेथे १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपले अधिकार आपण होऊन प्रजेच्या स्वाधीन केले. महात्मा गांधींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन यांची तळमळ व युवराज अप्पासाहेब पंत यांचे श्रम यांतून निवडलेल्या गावपंचायतींवर उभी असलेली राज्यघटना तयार झाली. गावचा न्याय, गावची शाळा, गावचा खर्च गावाने पाहावयाचा. याच संस्थानाने त्यापूर्वी, १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांस कुंडलच्या माळावर जागा दिली व निवडुंगाच्या रानात कारखाना उभा राहिला. याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहत झाली. औंधाकडे काय संपत्ति होती? पाऊस नाही, खाणी नाहीत, बंदर नाही. जे होते ते एवढेच: राजा आपणांस मालक न समजता विश्वस्त समजत होता. १९४८ साली संस्थान विलीन झाले. देश एक झाला हे उत्तम झाले. परंतु गावाच्या हातची वहीही त्यासरशी दूरच्या कचेरीत गेली, हे उत्तम झाले असे आम्हांस म्हणता येत नाही.

दुसरा दाखला अधिक जवळच्या काळातला व अधिक सामान्य माणसांचा. खानापूर तालुक्यात येरळा नदी वाहते, म्हणजे पावसाळ्यात वाहते व एरव्ही तिच्या पात्रात वाळू दिसते. ही वाळू सरकार लिलावाने ठेकेदारांस देई. ट्रक भरून वाळू जाई, पैसा सरकारात व ठेकेदाराच्या खिशात जाई, आणि पात्र खरवडले गेल्यामुळे काठच्या विहिरी मात्र आटत. १९८२ च्या संपानंतर मुंबईहून परतलेले गिरणी कामगार व गावचे तरुण यांनी मुक्ति संघर्ष चळवळ उभी केली, आणि बलवडी व तांदुळवाडी या दोन गावांनी सरकारास सरळ प्रश्न घातला: नदी आमच्या दारची, वाळू आमच्या नदीची, मग तिच्या थोड्या भागाच्या विक्रीतून आमचे धरण आम्हीच का बांधू नये? अर्ज, मोर्चे व वाटाघाटी यांनंतर त्यांस वाळू विकण्याची मुभा मिळाली. लोकांच्या श्रमाने व त्या पैशाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस बळीराजा धरण उभे राहिले. आणि विशेष हे की, ज्यास जमीन नाही अशा कुटुंबाचाही पाण्यावर वाटा असावा, हे तत्त्व त्यांनी आरंभीच ठरविले. वाळू तीच, नदी तीच. ठेकेदाराच्या हाती ती गावास कोरडी पाडीत होती, गावाच्या हाती तिने गावास पाणी दिले. आमच्या साऱ्या लेखाचे सार या एका बंधाऱ्यात आहे. पुढे नागनाथअण्णा नायकवडी व डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने १९९३ पासून दुष्काळी तालुक्यांची पाणी संघर्ष चळवळ चालली, व समन्यायी वाटपाची मागणी आटपाडीच्या माळावरून मंत्रालयापर्यंत पोहोचली. सनदशीर मार्गाने, वर्षानुवर्षे न थकता मागितले म्हणजे काय मिळते याचा तो धडा आहे.

कायदा आमच्या बाजूस नाही असेही नाही. राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात समाजाच्या भौतिक साधनांचे वाटप सर्वांच्या हितास पोषक होईल असे करावे, असे राज्यास मार्गदर्शन आहे. नद्या, रान यांसारख्या नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे केवळ विश्वस्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालच्या डिसेंबरात कमलनाथ प्रकरणी स्पष्ट सांगितले. महाराष्ट्राने २००५ साली जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा आणि शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचा असे दोन कायदे केले. त्याच वर्षी माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा झाला. विश्वस्ताकडून लाभार्थ्याने हिशेब मागावा यात उर्मटपणा नाही. न मागणे हाच कर्तव्याचा लोप होय.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या व साध्या आहेत. पहिली, प्रत्येक उपसा योजनेने किती पाणी उचलले, कोणत्या गावास किती दिले, विजेचे बिल किती आले व ते कोणी भरले, याचा ताळेबंद दर वर्षी त्या त्या गावच्या चावडीवर मराठीत लावावा. दुसरी, कोयनेच्या खातेदारांची यादी, देय जमीन व दिलेली जमीन अशा तीन रकान्यांत प्रसिद्ध करावी व चौथ्या रकान्यात तारीख घालावी. तारखेवाचूनचे आश्वासन म्हणजे मुद्रांकावाचूनचा दस्त. तिसरी, पाणीवापर संस्थांस मोजून पाणी द्यावे, आणि कालव्याच्या शेवटच्या गावास प्रथम मिळेल असा क्रम लावावा. कारण वरच्यांचा ऊस भिजून उरले तर खालच्यांची ज्वारी, हा न्याय नव्हे, नुसता उतार आहे.

आणि आमच्या व्यापारी बंधूंस एक विनंती. हळदीचा, गुळाचा, बेदाण्याचा सौदा करताना आपण वजनात एक किलो कमी आले तर काटा पुनः तपासता. मुनिमाने रोजमेळ दाखविण्यास चार दिवस उशीर केला तर रात्रीची झोप लागत नाही. मग सर्वांच्या मालकीच्या नदीचा जमाखर्च साठ वर्षे अपुरा राहिला असता आपण स्वस्थ कसे बसता? जत व माण येथील शेतकऱ्याच्या हाती दोन पैसे आले तर ते पैसे सांगलीच्या व साताऱ्याच्याच पेठेत येणार आहेत. तो मजुरीसाठी मुलूख सोडून गेला तर आपल्या गल्ल्यावर तीच छाया पडणार आहे. चावडीवर तो ताळेबंद लागावा म्हणून शेतकऱ्याच्या अर्जाखाली आपली सही पडली, तर कचेरीत त्या अर्जाचे वजन वाढेल.

पुढील पावसाळ्यात कृष्णा पुनः भरून येईल. ती नेहमीप्रमाणे आपले काम चोख बजावील. तिने आपल्या लेकरांस पाणी द्यावयास कधी कुचराई केलेली नाही. पाणी कोठे मुरते हे म्हणून नदीस विचारण्यात अर्थ नाही. ज्यांच्या हाती वही आहे त्यांस विचारले पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहिले पाहिजे.